बाबांची एफडी, आईची सही आणि यूकेचा स्पाउस व्हिसा: पैसे असूनही गणित कुठे चुकतं?

समजा, मुलगी नाशिकची. लग्न झालंय, नवरा लेस्टरला नोकरी करतो आणि तो ब्रिटिश नागरिक आहे. तिला त्याच्याकडे जायचंय. तेवढ्यात तिचे वडील वारले. घरात दुःख आहे, पण कागदही आहेत: बाबांची एफडी, सेव्हिंग खातं, एक फ्लॅट. कुणीतरी म्हणतं, "अगं, बाबांचे पैसे आहेत ना, ते दाखव व्हिसाला."

दाखवता येतात का? येतात. पण "पैसे आहेत" आणि "पैसे व्हिसासाठी मोजले जातात" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे असतात तारखा, नावं आणि सह्या. गेल्या दोन वर्षांत यूकेचे नियमही बदलले आणि आपल्याकडचे बँकेतल्या वारसाचे नियमही. दोन्ही एकत्र लावून बघितल्याशिवाय हे गणित सुटत नाही. म्हणून आज ते सावकाश सोडवू.

आधी खात्री करा, तुमचा व्हिसा हाच आहे ना?

नवरा किंवा बायको ब्रिटिश नागरिक असेल, किंवा तिथे कायमचं राहायची परवानगी मिळालेली असेल, तर लागतो तो पार्टनर म्हणजेच स्पाउस व्हिसा. हा लेख त्याबद्दल आहे.

नवरा आयटी कंपनीच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर तिथे गेला असेल, तर तुम्ही "डिपेंडंट" म्हणून जाता. तिथे पैशांची अट फार छोटी आहे: जोडीदारासाठी २८५ पौंड, २८ दिवस खात्यात. अनेकदा कंपनीच ती हमी देते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या दोन व्हिसांची सरमिसळ सर्रास होते. एकीचं ऐकून दुसरी कोटभर रुपये गोळा करायला लागते, किंवा उलट, २८ दिवसांच्या भरवशावर राहते आणि फी घालवते.

आकडा कुठून आला?

११ एप्रिल २०२४ पर्यंत स्पॉन्सरचं, म्हणजे यूकेतल्या जोडीदाराचं, वर्षाचं उत्पन्न १८,६०० पौंड असलं की चालायचं. त्या दिवसापासून ते २९,००० पौंड झालं. तेव्हाच्या सरकारचा बेत तिथे थांबायचा नव्हता. पुढे ३४,५०० आणि मग ३८,७०० पौंडांपर्यंत न्यायचं ठरलं होतं. जुलै २०२४ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारने पुढची वाढ थांबवली आणि मायग्रेशन अ‍ॅडव्हायझरी कमिटीला सगळा विषय तपासायला सांगितलं. कमिटीचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. ३८,७०० चा आकडा ठेवू नये असं कमिटीने सांगितलं आणि २९,००० पेक्षा कमी आकड्यांचे काही पर्याय सरकारपुढे ठेवले. निर्णय मात्र सरकारचा.

म्हणून या लेखातली सगळी गणितं २९,००० धरून केली आहेत. अर्ज भरायच्या आठवड्यात यूके सरकारच्या साइटवर आकडा पुन्हा बघा. सूत्र समजलं असेल तर नवा आकडा टाकून उत्तर तुम्हीच काढाल.

एक गोष्ट अनेकांना धक्का देते: अर्जदार भारतात असेल, तर तिचा भारतातला पगार यात धरत नाहीत. पुण्यात तुम्हाला वर्षाला २० लाखांचं पॅकेज असो, नवऱ्याचा पगार कमी पडत असेल तर तुमची सॅलरी स्लिप उपयोगाची नाही. तुमच्या नावावरची बचत मात्र चालते. तुमच्या नावावरच्या घराचं भाडंही चालतं. वारसा या चर्चेत येतो तो इथेच.

सूत्र

पहिले १६,००० पौंड धरतच नाहीत. त्यावरची बचत २.५ ने भागायची. जे उत्तर येतं तेवढी उत्पन्नातली तूट भरून निघते. उलट बाजूने लिहिलं तर:

लागणारी बचत = १६,००० + (तूट × २.५)

नवऱ्याला काहीच उत्पन्न नसेल तर तूट २९,०००. म्हणजे १६,००० + ७२,५०० = ८८,५०० पौंड. पौंड ११८ रुपये धरला तर १ कोटी ४ लाख ४३ हजार रुपये.

आपल्या उदाहरणात नवऱ्याचा पगार २५,००० पौंड आहे. तूट ४,०००. म्हणजे १६,००० + १०,००० = २६,००० पौंड. ११८ च्या दराने ३० लाख ६८ हजार रुपये.

(नवरा नोकरदार आहे असं इथे धरलंय. स्वतःचा धंदा असेल तर धंद्याचं उत्पन्न आणि बचत अशी बेरीज करता येत नाही.)

आता दराची भानगड. पैसे यूकेला पाठवायची गरज नाही, भारतातल्या बँकेत असले तरी चालतात. पण ते पौंडांत मोजतात अर्जाच्या दिवशीच्या दराने. सहा महिन्यांत पौंड ११८ वरून १२२ वर गेला, तर तेच २६,००० पौंड ३१ लाख ७२ हजार होतात. खात्यात ३१ लाख ठेवून निश्चिंत बसलेली मुलगी ७२ हजारांनी मागे पडते. म्हणून नेमकी रक्कम ठेवू नका. निदान दहा टक्के जास्त ठेवा.

सहा महिन्यांचा काउंटर

बचतीच्या अटी ऐकायला सोप्या आहेत. पैसे तुमच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावावर हवेत. अर्जाच्या आधी सलग सहा महिने तुमच्या ताब्यात हवेत. हवे तेव्हा काढता यायला हवेत. ते कुठून आले हे सांगता यायला हवं. नातेवाइकाने दिलेली भेट चालते. वारसा चालतो. कर्ज चालत नाही.

सहा महिन्यांत एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी त्या सगळ्यात खालच्या आकड्यावर हिशोब होतो. लग्नाच्या हॉलचं बिल भरायला चार लाख काढले आणि आठवड्याने परत भरले, तरी तो खड्डा स्टेटमेंटमध्ये दिसतो. काउंटर पुन्हा शून्यावर.

"हवे तेव्हा काढता येणं" या अटीत आपल्याकडचे बरेच आवडते प्रकार गळतात.

मुदतीआधी मोडता येणारी एफडी चालते, दंड लागला तरी. पाच वर्षांची टॅक्स सेव्हिंग एफडी मोडता येत नाही, ती नाही चालत. पीपीएफचंही तेच. शेअर आणि म्युच्युअल फंड जसेच्या तसे मोजत नाहीत. ते विकून पैसे खात्यात आणावे लागतात. पण इथे एक सवलत आहे: ती गुंतवणूक मागचे सहा महिने तुमच्याच नावावर होती असं कागदाने दाखवलं, तर विकल्यावर पुन्हा सहा महिने थांबावं लागत नाही.

पतसंस्थेतल्या ठेवींबद्दल वेगळं सांगायला हवं. गावाकडे बऱ्याच घरांचे पैसे पतसंस्थेत असतात. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचं नाही, सहकार खात्याचं नियंत्रण असतं. यूकेचा अधिकारी वित्तसंस्था कोणत्या नियामकाखाली आहे हे बघतो. वाद ओढवून घेण्यापेक्षा सहा महिन्यांचा काउंटर सुरू होण्याआधीच ते पैसे बँकेत आणा.

नॉमिनी म्हणजे मालक नाही

आता मुख्य गुंता. आपल्या उदाहरणात बाबांची ३६ लाखांची एफडी आहे आणि नॉमिनी आहे मुलगी. घरात आई आणि धाकटा भाऊ. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नाही.

बँक ३६ लाख मुलीच्या खात्यात टाकेल. लागतात ३१ च्या आसपास. सुटलं ना?

नाही सुटलं. नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे घेणारी व्यक्ती. तिला पैसे दिले की बँकेची जबाबदारी संपते, एवढाच त्याचा अर्थ. पैशांचे मालक ठरतात वारस. बँक ठेवींबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राम चंदर तलवार प्रकरणात हेच सांगितलं. शेअर आणि डिबेंचरबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणातही कोर्टाने तीच दिशा ठेवली. (आयुर्विम्यात थोडं वेगळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर साधारणपणे रक्कम त्यांचीच होते.)

हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर बायको, मुलगा, मुलगी यांना सारखा वाटा. बाबांची आई, म्हणजे आजी हयात असेल तर तिलाही. आपल्या उदाहरणात आजी नाही असं धरू. तीन वाटे, प्रत्येकी १२ लाख. म्हणजे मुलीच्या खात्यात ३६ लाख दिसतात, पण तिचे आहेत १२. बाकीचे २४ लाख ती आई आणि भावाच्या वतीने सांभाळतेय.

व्हिसाच्या अर्जात "हे माझे पैसे, वडिलांकडून वारशाने आले" असं लिहिलं, तर २४ लाखांपुरतं ते खरं नाही. उद्या भावाने हिस्सा मागितला तर व्हिसा मिळाल्यावरही घरात भांडण उभं राहतं, आणि ते वकिलांच्या नोटिशीपर्यंत जाऊ शकतं.

सरळ रस्ता काय? आई आणि भाऊ मनापासून द्यायला तयार असतील, तर ते कागदावर आणा. आपला वाटा मुलीला भेट देत आहोत, परत मागणार नाही, हे कर्ज नाही, असं स्पष्ट लिहिलेलं, तारीख असलेलं, साक्षीदारांच्या सह्यांचं भेटपत्र. रक्कम, खाते क्रमांक आणि नातं त्यात हवं. आई-भावंडांकडून मिळालेल्या भेटीवर भारतात घेणाऱ्याला आयकर लागत नाही. वारसा मिळाला म्हणूनही कर नाही, इस्टेट ड्युटी आपल्याकडे १९८५ मध्येच गेली. फ्लॅटमधला हिस्सा सोडायचा असेल तर मात्र साधं पत्र पुरत नाही, नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागतं.

आणि "मनापासून तयार" या शब्दांवर जरा थांबा. आईचा १२ लाखांचा वाटा हा कदाचित तिच्या उरलेल्या आयुष्याचा एकमेव आधार असेल. मुलीच्या व्हिसाच्या घाईत तिच्याकडून सही घेणं सोपं असतं, कारण अशा वेळी आई नाही म्हणत नाही. मग पुढचं कोण बघणार, हे सहीच्या आधी बोला. भेट दिलेले पैसे कायद्याने आईचे राहत नाहीत. "व्हिसा झाला की परत देईन" असं ठरवून दिलेले पैसे म्हणजे उसनवारी. तशी बोली असेल तर ते भेट म्हणून दाखवताच येत नाहीत.

दुसरा मार्गही असतो. नवऱ्याचा पगार २९,००० च्या वर जाईपर्यंत काही महिने थांबायचं. वर्षभराचा दुरावा कुणालाच आवडत नाही, पण आईला रिकामं करून जाण्यापेक्षा तो पर्याय निदान टेबलावर तरी असू द्या.

बाबांचा फोन, बाबांचा पिन

हा भाग आपल्या पिढीसाठी. बाबांचा फोन घरात आहे. लॉक माहीत आहे. यूपीआय पिन आपणच सेट करून दिला होता. बँकेत जाऊन फॉर्म भरण्यापेक्षा रोज एक लाख आपल्या खात्यात टाकले तर?

नका करू. खातेदार वारला की त्याच्या वतीने व्यवहार करायचा कुणालाच अधिकार राहत नाही, पिन माहीत असला तरी. बाकीच्या वारसांना आणि बँकेला आक्षेप घ्यायला ते पुरेसं कारण होतं.

व्हिसाच्या बाजूने तर ते थेट पायावर धोंडा. अर्जासोबत तुम्ही मृत्यूचा दाखला देणार, त्यावर तारीख. स्टेटमेंटमध्ये बाबांच्या नावाने आलेले यूपीआय व्यवहार, त्यांवरही तारीख. वारलेल्या माणसाने पंधरा दिवसांनी पैसे कसे पाठवले, हा प्रश्न कुणालाही पडेल. खरा वारसा असूनही तुमचा अर्ज संशयास्पद दिसायला लागतो.

तसंच पीडीएफ "दुरुस्त" करून देणाऱ्या आणि सहा महिन्यांसाठी पैसे "पार्क" करून देणाऱ्या एजंटांपासून चार हात लांब राहा. यूकेचे अधिकारी बँकेकडे पडताळणी करू शकतात. फसवणूक सिद्ध झाली तर अर्ज नाकारला जातोच, वर १० वर्षांपर्यंत प्रवेशबंदी लागू शकते. ३० लाखांच्या प्रश्नासाठी संसाराची दहा वर्षं पणाला लावू नका.

क्लेमची नवी पद्धत

चांगली बातमी अशी की बँकेचा सरळ रस्ता आता पूर्वीइतका खडतर राहिलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मृत खातेदारांच्या क्लेमबद्दल नवे निर्देश काढले. बँकांना ते लागू करायला ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदत होती. थोडक्यात:

१. नॉमिनी असेल, किंवा खातं "आयदर ऑर सर्व्हायव्हर" असेल, तर बँकेने वारस दाखला, सक्सेशन सर्टिफिकेट वगैरे मागायचं नाही. क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र पुरेसं.

२. नॉमिनी नसेल, पण रक्कम मर्यादेत असेल, तर सोपी पद्धत. ही मर्यादा सहकारी बँकांसाठी ५ लाख आणि इतर बँकांसाठी १५ लाख रुपये. बँक स्वतःहून जास्त ठेवू शकते.

३. सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत क्लेम निकाली काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर बँकेने त्याची भरपाई व्याजाच्या रूपात द्यायची.

"सगळे कागद मिळाल्यापासून" हे महत्त्वाचं. काउंटरवरचा माणूस "उद्या या" म्हणाला तर घड्याळ सुरू होत नाही. कागद दिल्याची तारखेसह पोच घ्या.

शिवाय १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, टक्केवारी ठरवून. आई-वडील हयात असतील तर आजच त्यांना हे सांगा. ज्याला जेवढं द्यायचंय तेवढा टक्का नॉमिनेशनमध्ये आणि तसंच मृत्युपत्रात. दोन्ही जुळले की नंतरची निम्मी डोकेदुखी संपते.

बाबांचं एखादं जुनं खातं कुणालाच माहीत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधा. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी तिथे दिसू शकतात. म्युच्युअल फंडांसाठी मित्र नावाची तशीच सोय आहे.

फ्लॅट विकायचा की भाड्याने द्यायचा?

घर, इमारत किंवा जमीन विकून आलेल्या पैशांना यूकेच्या नियमांत सवलत आहे. विक्री अर्जाआधीच्या सहा महिन्यांत झाली असेल आणि त्या सहा महिन्यांच्या सुरुवातीला मालमत्ता तुमच्या मालकीची असेल, तर विक्रीनंतर वेगळे सहा महिने थांबावं लागत नाही. पण मोजतात फक्त तुमचा हिस्सा, आणि तोही गृहकर्ज वगैरे फेडून हातात उरलेला.

उदाहरण: बाबा १० जानेवारीला वारले. फ्लॅट मे महिन्यात विकला. अर्ज १ ऑगस्टला. सहा महिने मागे गेलं की १ फेब्रुवारी. त्या दिवशी मुलगी वारस म्हणून एक तृतीयांश मालक होती. हे कागदाने दाखवता आलं तर विक्रीतला तिचा हिस्सा मोजता येतो. दाखवायचं कशाने? मृत्यूचा दाखला, वारस दाखला, सोसायटीची नोंद, जमीन असेल तर फेरफार आणि ७/१२, विक्रीचा करारनामा, इंडेक्स टू. यांतले बरेच कागद मराठीत असतात. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदासोबत प्रमाणित भाषांतर लागतं. घरच्याने केलेलं चालत नाही.

विकायचा नसेल तर भाडं. फ्लॅट तुमच्या नावावर असेल आणि भाडं तुमच्या खात्यात येत असेल, तर मागच्या १२ महिन्यांत मिळालेलं भाडं उत्पन्नात धरतात. भाडं महिना २५,००० रुपये असेल तर वर्षाला ३ लाख, ११८ च्या दराने सुमारे २,५४० पौंड. तूट ४,००० वरून १,४६० वर येते. म्हणजे लागणारी बचत १६,००० + ३,६५० = १९,६५० पौंड, साधारण २३ लाख रुपये. ३१ लाखांवरून २३. आईच्या वाट्याला हात न लावता व्हिसा होऊ शकतो का, याचं उत्तर कधी कधी इथे सापडतं. भाडं मात्र बँकेतून आलेलं हवं आणि भाडेकरार नोंदवलेला हवा. रोख घेतलेल्या भाड्याचा पुरावा देता येत नाही.

करांबद्दल एक लक्षात ठेवा. वारशाने आलेलं घर विकताना वडिलांनी घेतलेली किंमत आणि वडिलांचा कालावधी धरतात. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला भारतात राहणाऱ्या व्यक्तीला दोन पर्याय आहेत: महागाईचा हिशोब न लावता १२.५ टक्के, किंवा तो लावून २० टक्के. एनआरआयला हा दुसरा पर्याय नाही, आणि त्याच्याकडून घर घेणाऱ्याला टीडीएसही जास्त कापावा लागतो. म्हणजे विकायचंच असेल तर जायच्या आधी विकणं बहुतेकदा सोपं पडतं.

स्टेटमेंट कसं काढायचं?

अ‍ॅपमधून डाउनलोड केलेली पीडीएफ आपल्याला पुरेशी वाटते. इथे थोडी जास्त काळजी घ्या.

– पूर्ण सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा, आणि शेवटची तारीख अर्जाच्या आधीच्या २८ दिवसांतली हवी.
– ऑनलाइन स्टेटमेंटच्या प्रत्येक पानावर शाखेचा शिक्का घ्या, किंवा स्टेटमेंट खरं असल्याचं बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. दोन्ही मिळालं तर उत्तम.
– एफडीसाठी वेगळं पत्र मागा: कुणाच्या नावावर, कधीपासून, किती, आणि मुदतीआधी मोडता येते.
– पीडीएफचा पासवर्ड काढून मग अपलोड करा.
– स्क्रीनशॉट देऊ नका.
– पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरवू नका. प्रत्येक हलवाहलवीला आणखी एका खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट जोडावं लागतं.

आणि नाव! लग्नानंतर आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, असं असेल तर अर्ज करायच्या आधी ठरवा. पासपोर्टवर जे आहे तेच बँकेत करून घ्या. जुनं नाव कुठे राहिलंच तर लग्नाचा दाखला जोडा. वारसाच्या क्लेममध्ये "वडिलांचं नाव" जुळणं आणि व्हिसात "नवऱ्याचं नाव" जुळणं, दोन्ही एकाच वेळी लागतं. म्हणून आधी क्लेम, मग नाव बदल, असा क्रम सोयीचा.

सगळं एका कॅलेंडरवर

१० जानेवारी: वडील वारले.
फेब्रुवारी: मृत्यूचा दाखला, क्लेम फॉर्म, पोच.
१० मार्च: एफडीचे पैसे मुलीच्या खात्यात.
२५ मार्च: आई आणि भावाचं भेटपत्र.
२५ सप्टेंबर: सहा महिने पूर्ण.

काउंटर १० मार्चला सुरू झाला की २५ मार्चला? माझा सल्ला: पैसे खात्यात येण्याची तारीख आणि ते पूर्ण तुमचे होण्याची तारीख, यांतली जी नंतरची ती धरा. पंधरा दिवसांचा धोका पत्करण्यात काही शहाणपण नाही. अर्ज सप्टेंबरच्या शेवटी, ताज्या स्टेटमेंटसह.

खर्चही वेगळा ठेवा. व्हिसाची फी आहेच, शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. ३३ महिन्यांच्या व्हिसासाठी तो ३,१०५ पौंड होतो, म्हणजे साडेतीन लाखांच्या वर. हे पैसे त्या ३१ लाखांतून गेले तर शिल्लक खाली जाते. अर्ज भरताना ते दुसऱ्या खात्यातून भरा.

विमानात बसायच्या आधी

यूकेला राहायला गेल्यावर तुमचं साधं सेव्हिंग खातं तसंच ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करावं लागतं. भारतातलं भाडं, व्याज, वारशाचे पैसे त्यात येतात. एनआरओमधून कर भरल्यावर वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएचं प्रमाणपत्र लागतं. भारतात राहणाऱ्यांसाठीची मर्यादा वेगळी, वर्षाला अडीच लाख डॉलर, आणि अशा भेटीच्या पैशांत १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोपर्यंत अडकतो. घाईने सगळे पैसे यूकेला पाठवायची गरज नाही, हे पुन्हा सांगतो.

भारतातलं सिम बंद पडू देऊ नका. प्रत्येक ओटीपी तिथेच येतो. यूकेचा नंबर एनआरओ खात्याला जोडून यूपीआय वापरायची सोयही आहे, तुमची बँक ती देते का हे निघायच्या आधी बघा. आणि तुमच्या खात्याला नॉमिनी कोण आहे ते तपासा. बऱ्याच मुलींच्या खात्याला अजूनही बाबाच नॉमिनी असतात. ते गेल्यानंतरही.

शेवटी एवढंच. या अर्जात तुम्ही श्रीमंत आहात हे सिद्ध करायचं नसतं. हे पैसे खरंच तुमचे आहेत आणि अमुक तारखेपासून आहेत, एवढंच दाखवायचं असतं. त्यातलं "तुमचे आहेत का" हे व्हिसा अधिकाऱ्याने विचारायच्या आधी घरात विचारा. आई, भाऊ आणि तुम्ही एका टेबलावर बसा, तिघांचे वाटे कागदावर लिहा आणि मगच बँकेत जा.

(हा लेख नियम समजावण्यासाठी आहे. प्रत्यक्ष अर्जासाठी यूकेत नोंदणी असलेला इमिग्रेशन सल्लागार आणि वारसाच्या कागदांसाठी इथला वकील गाठा.)